जुन्या ब्रिजस्टोन एमबी-३ वर मायक्रोशिफ्ट ॲडव्हेंट एक्स: काय बदललं, काय ठेवलं

मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट एक्स हा १० स्पीडचा गिअर सेट माझ्या १९९० च्या सुमाराच्या ब्रिजस्टोन एमबी-३ या माउंटन बाइकवर बसवून आता बरेच महिने झाले, चिखल धूळ चढ सगळं बघून झालंय म्हणून लिहितेय. पैसे वसूल, हे आधीच सांगते. पण नुसतं "मस्त आहे, घ्या" म्हणून उपयोग नाही, कारण जुन्या सायकलवर नवीन काय चढवायचं आणि कशाला हात लावायचा नाही यातच खरी मेख आहे.

ब्रिजस्टोन म्हणजे तीच टायरवाली जपानी कंपनी. अमेरिकेतलं त्यांचं सायकलींचं ऑफिस कॅलिफोर्नियात सॅन लिअँड्रोला होतं, मी फ्रीमाँटला राहते तिथून जवळच, आणि १९९४ ला त्यांनी इथला सायकलींचा कारभार बंद केला. त्यांच्या सायकलींमागे ज्यांचं डोकं होतं ते ग्रँट पीटरसन, त्यांनी मग वॉलनट क्रीकला रिव्हेंडेल ही सायकल कंपनी काढली. माझी सायकल म्हणजे लग (नळ्यांच्या सांध्यांवरच्या धातूच्या बाह्या) लावून जोडलेली स्टीलची फ्रेम, सस्पेंशन नाही, पुढचा फोर्कही साधा स्टीलचा. ही फ्रेम मला मनापासून आवडते, इतकी सरळ, शांत चालणारी सायकल आज नवीन घ्यायला गेलं तर खूप पैसे मोजावे लागतात.

आता गिअर. आधी पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चकत्या), मागच्या चाकावर ७. सगळ्यात हलका गिअर पुढे २४ दात मागे २८, म्हणजे गुणोत्तर ०.८६. आता पुढे एकच ३४ ची चेनरिंग आणि मागे ११ ते ४८ दातांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), हलका गिअर ०.७१ वर आला. कागदावर फरक किरकोळ वाटेल पण खड्या फायर रोडवर (डोंगरातला कच्चा रस्ता) जिथे उतरून ढकलत न्यायचे तिथे आता बसून चढते, दम लागतो पण चढते. वरच्या बाजूला मात्र किंमत मोजावी लागते, आधी ४६-१२ चं ३.८३ होतं ते आता ३४-११ चं ३.०९ झालं, म्हणजे सपाट डांबरी रस्त्यावर वारा पाठीशी असला की पाय नुसते गरगर फिरतात. रोज ऑफिसला रस्त्याने लांब जाणारा असेल त्याने जुनी तीन चेनरिंगवाली ट्रिपलच ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

डिरेलरमध्ये (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) चेन ताणून धरणारा क्लच आहे, तो छोट्या स्विचने चालू-बंद होतो, चाक काढताना बंद करायचा की चेन सैल पडते. या क्लचमुळे आणि नॅरो-वाइड चेनरिंगमुळे (एक दात जाड एक बारीक, चेनला घट्ट धरतात) दगडगोट्यांतून उतरताना चेन पडत नाही. पुढचा डिरेलर, त्याची केबल, डावा शिफ्टर सगळं गेलं, हँडल एकदम मोकळं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, याचा शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्यायचे, केबल ओढण्याचं प्रमाण त्यांचं स्वतःचं आहे त्यामुळे शिमानोच्या शिफ्टरशी जुळत नाही. चेन मात्र कुठलीही १० स्पीडची चालते. शिफ्टर, डिरेलर, कॅसेट तिन्ही मिळून माझे २०० डॉलरच्या आसपास गेले.

पण ही कॅसेट जुन्या ७ स्पीडच्या हबवर (चाकाचा मधला भाग) बसत नाही, त्याचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर चढते ती नळी, आखूड असतो. म्हणून मागचं चाक नवीन बांधून घेतलं, शिमानो डिओरेचं रिम ब्रेकवालं हब आणि व्हेलॉसिटीची क्लिफहँगर रिम. नवं हब १३५ मिमी रुंद, माझ्या फ्रेममधली मागच्या चाकाची जागा १३०. स्टील असल्यामुळे ५ मिमी हाताने फाकवूनही चाक आत जातं, पण मी फ्रेम नीट कोल्ड सेट (न तापवता कायमची फाकवून) करून घेतली आणि डिरेलर हँगर, म्हणजे डिरेलर जिथे अडकतो तो फ्रेमचा कान, गेज लावून सरळ करून घेतला. ४८ दातांच्या कॅसेटला हँगर जरा जरी वाकडा असला तरी गिअर कुरकुरत राहतात, तेव्हा हे टाळू नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हे फाकवणं अजिबात करू नका.

क्रँक जुनाच, पाच बोल्टचा ११० मिमी बीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), त्यावर नॅरो-वाइड रिंग अजून सहज मिळते. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो बेअरिंगचा भाग) शिमानोचं सीलबंद, चौकोनी टोकाच्या दांड्याचं टाकलं, जुने कप काढताना उजव्या बाजूचे आटे उलटे असतात एवढं लक्षात ठेवा.

ब्रेकबद्दल सगळे सांगतात व्ही-ब्रेक (लांब हातांचे नवे रिम ब्रेक) लाव. मी नाही लावले. जुने कँटिलिव्हर (आखूड हातांचे, मधल्या केबलने ओढले जाणारे रिम ब्रेक) तसेच ठेवून फक्त कूलस्टॉपचे सॅमन रंगाचे पॅड घातले आणि मधली केबल नीट सेट केली, ओल्या रस्त्यावरही दोन बोटांत थांबते. व्ही-ब्रेक लावले असते तर लीव्हरही बदलावे लागले असते, जुने लीव्हर तेवढी केबल ओढत नाहीत. आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) बदलायला क्विल ॲडॅप्टर, म्हणजे जुन्या फोर्कवर नव्या पद्धतीचा स्टेम बसवणारा तुकडा, घेतला होता, स्वस्तातला कुठलातरी, तो करकरायला लागला, काढला आणि जुना क्विल स्टेम परत घातला. हेडसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) उघडून ग्रीस भरलं, तीस वर्षांपूर्वीचा असून मख्खन फिरतो.

काही जुने शौकीन म्हणतात मूळ पार्ट काढणं म्हणजे सायकल बाटवणं. मला पटत नाही. इथूनच वर मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात गॅरी फिशर, जो ब्रीझ ही मंडळी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन फ्रेम घेऊन त्यावर ड्रम ब्रेक, मोटरसायकलचे लीव्हर, टूरिंग सायकलचे गिअर असं मिळेल ते लावून डोंगर उतरायची, १९७६ ला रिपॅक ही तिथली डोंगर उतरायची शर्यत सुरू झाली ती अशाच सायकलींवर. माउंटन बाइकचा जन्मच जुळवाजुळवीतून झालाय. त्याच भागात चायना कँप या पार्कच्या सिंगलट्रॅकवर (एकच सायकल मावेल अशी पायवाट) ही सायकल नेते तेव्हा महागड्या कार्बन सायकलवाले थांबून विचारतात कुठली आहे म्हणून, फार भारी वाटतं.

भारतात कुणी हे करणार असेल तर आधी मागचं चाक बघा, तिकडच्या बऱ्याच साध्या एमटीबींना आट्यांवर फिरवून बसणारं फ्रीव्हील असतं, त्यावर ही कॅसेट बसणारच नाही, हबसकट चाक बदलायचा खर्च धरून चाला. २६ इंची टायर-ट्यूब तरी तिकडे गल्लीत मिळतात, इथे चांगले टायर शोधावे लागतात. आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली फ्रेम मिळाली तर चेनस्टेच्या (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) खाली यू-ब्रेक हा जुन्या प्रकारचा ब्रेक आहे का बघून घ्या, त्याचे पिव्हट वेगळ्या जागी असतात, तिथे कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक बसत नाही आणि सगळा चिखल नेमका तिथेच साठतो. तशी फ्रेम मी तरी फुकट मिळाली तरच घेईन.