लँगोलेन कालव्यावर भाड्याची नॅरोबोट: एक अभिप्राय

इंग्लंडच्या श्रॉपशरमधील एल्समिअरपासून वेल्समधील लँगोलेनपर्यंत जाऊन परत येण्यासाठी आम्ही आठवडाभर नॅरोबोट (कालव्यातून जाणारी अरुंद, लांब बोट) भाड्याने घेतली होती. ज्यांना घाई नाही आणि थोड्या अंगमेहनतीचा कंटाळा नाही, त्यांना हा प्रवास मी मनापासून सुचवेन. बोट चालवायला परवाना लागत नाही. वेगमर्यादा ताशी चार मैलांची असल्यामुळे काठावरून चालणारा माणूस आपल्याशी गप्पा मारत बरोबरीने येऊ शकतो.

इथले लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद) जेमतेम सात फूट रुंद असल्याने बोटीची रुंदी त्याहूनही किंचित कमी असते. आतली रचना रेल्वेच्या डब्यासारखी लांबट आहे. मात्र शेगडी, न्हाणीघर आणि झोपण्याची सोय आमच्या बोटीत व्यवस्थित होती. कंपनीबद्दल तक्रार एवढीच, की लॉक कसे हाताळावे हे धक्क्यावर उभ्या उभ्या दहा मिनिटांत उरकण्यात आले. लॉकमधून खाली उतरताना बोटीचा मागचा भाग वरच्या दरवाजाजवळच्या दगडी उंबऱ्यापासून पुढे ठेवावा लागतो. नाहीतर पाणी उतरताना तो उंबऱ्यावर अडकतो आणि बोट पुढच्या बाजूने बुडू शकते. इतकी महत्त्वाची गोष्ट ओझरत्या उल्लेखाने सांगून भागत नाही. कंपनीचा माणूस पहिल्या लॉकला बरोबर येणार का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

एल्समिअरहून जाताना न्यू मार्टनचे दोनच लॉक लागतात, त्यामुळे नवख्यांनी इथूनच सुरुवात करणे चांगले. पुढे चर्क गावाजवळ 1801 चा जलसेतू (दरीवरून कालवा नेणारा पूल) आणि त्याला लागूनच एका वेळी एकच बोट मावेल असा बोगदा येतो. आत शिरण्यापूर्वी दिवा लावून समोरून कोणी येत नाही ना, याची खात्री करावी लागते.

या प्रवासाचा कळस मात्र पोंटकसिल्टे हाच. विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड या अभियंत्यांचा हा जलसेतू 1805 मध्ये खुला झाला आणि 2009 मध्ये कालव्याच्या अकरा मैलांच्या पट्ट्यासह जागतिक वारशाच्या यादीत गेला. दगडी खांबांवर बिडाची पन्हळ ठेवून तिच्यातून पाणी नेले असून खाली सुमारे 38 मीटरवर डी नदी वाहते. एका बाजूला पायवाट व कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्यापेक्षा काही इंचच वर येते, आणि सुकाणूपाशी उभे राहिले की त्या कडेपलीकडे एकदम दरीच दिसते. पायवाट पाण्याच्या वरून नेल्यामुळे बोटीने बाजूला सारलेले पाणी तिच्या खालून मागे सरकते. ही योजना मला त्या उंचीहूनही अधिक थक्क करून गेली. उंचीची भीती असणाऱ्यांनी आत बसावे, लहान मुलांना तर आतच ठेवावे.

वेळेचा हिशोब करताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. या कालव्याचे पाणी स्थिर नाही. लँगोलेनच्या वर डी नदीतून घेतलेले पाणी त्यातून हर्ल्स्टनच्या जलाशयाकडे पिण्यासाठी वाहते. 1944 मध्ये कायद्याने नौकानयन बंद झाल्यावरही कालवा बुजवला गेला नाही, तो याच पाण्यामुळे. या प्रवाहामुळे जाताना, विशेषतः अरुंद भागांत, बोट जड चालते आणि येताना सहज येते. म्हणून जाण्याला दिवस जास्त ठेवावेत. लँगोलेनच्या अलीकडे कालवा इतका चिंचोळा होतो की सोबत्यांपैकी कोणीतरी पुढे चालत जाऊन वाट मोकळी असल्याचे सांगावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे बोटींची गर्दी होते, त्यामुळे मे किंवा सप्टेंबर बरा.

चौघांचा चमू असेल तर लॉक आणि उचलायचे पूल सुखाने पार पडतात. दोघांनाही जमेल, पण दमणूक होते. ज्येष्ठांना एवढे झेपणार नसेल तर पोंटकसिल्टेजवळच्या ट्रेव्हरहून जलसेतूवर नेणाऱ्या सहलीच्या बोटी आहेत, आणि लँगोलेनच्या धक्क्यावरून घोड्याने ओढलेल्या बोटीची छोटी फेरीही करता येते.