सिंक्लेअर झेडएक्स८१ : १ केबीत काय काय बसतं!

१९८१ चं हे घरगुती कॉम्प्युटर मशीन, रॅम फक्त १ केबी म्हणजे १०२४ बाइट, आणि त्यातले १२५ तर सिस्टिम व्हेरिएबल्सच (मशीनच्या स्वतःच्या कामाच्या नोंदी) खातात. तरी मी याच्या जाम प्रेमात आहे. स्क्रीन पूर्ण भरली की ७९३ बाइट गेले, म्हणून कमी मेमरीत हे रिकाम्या ओळीला फक्त एकच बाइट देतं, केवढा भारी विचार आहे हा! त्यामुळे मजकूर डावीकडे चिकटवून, छोट्या ओळीत ठेवायचा, तेवढी जागा प्रोग्रामला मिळते.

खरी बचत आकड्यांत होते. बेसिकमधे (याच्या प्रोग्रामिंग भाषेत) साधा ० लिहिला तरी ७ बाइट जातात, कारण अंकामागे आणखी ६ बाइट गुपचूप साठवले जातात, त्याऐवजी 'नॉट पाय' लिहा, एकेका बाइटचे दोन कीवर्ड, दोनच बाइट, आणि पाय शून्य नसल्याने 'नॉट' लावलं की उत्तर तेच शून्य. १ साठी 'एसजीएन पाय' (एसजीएन धन संख्येला १ देतं). १० हवा असेल तर व्हॅल (मजकुराचा आकडा करणारा कीवर्ड) आणि अवतरणात १०, आठ बाइटचे पाच होतात. हां, स्पीड थोडा मार खातो, पण जागाच नसेल तर स्पीड घेऊन करायचं काय.

१६ केबीचा रॅम पॅक (मागे जोडायची जादा मेमरी) मिळतो, कामाचा आहेच, पण नवीन घेणाऱ्याने आधी महिनाभर १ केबीवरच लिहावं असं मला मनापासून वाटतं. पाचपैकी पाच स्टार.