१८,५०० रुपयांची पदविका : १४ महिन्यांनंतरचा अनुभव

आंतरराष्ट्रीय संबंध आणि कायदा या विषयांतील दूरशिक्षणाची पदविका पदरात पडून १४ महिने झाले. अभ्यासक्रमात काय असते हे माहितीपत्रकात सर्वांनी वाचलेले असतेच. त्यातला सागरी कायदा मी परीक्षेपुरता वाचला आणि परीक्षेबरोबर विसरलो.

माझी मुख्य तक्रार अशी की, पाच पुस्तिकांत मिळून एकाही कराराचे मूळ कलम छापलेले नाही, सगळा सारांशच. पाकिस्तानच्या कैदेतील कुलभूषण जाधव यांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले नाही म्हणून भारताने आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवलेल्या खटल्याला दीड पान, आणि त्यात ठळक काय, तर भारताचे वकील हरीश साळवे यांनी १ रुपया मानधन घेतले! (मला माझे १८,५०० आठवले.) स्वाध्यायासाठी शेवटी १७ जुलै २०१९ चा निकाल मी स्वतःच उतरवून घेतला आणि छपाईचा खर्च नको म्हणून मोबाइलवरच वाचला.

हा दोष मी आता पूर्वीइतका मोठा मानत नाही, कारण जे काही शिकलो ते त्या वाचनातच. राजकीय वा सुरक्षेच्या कारणावरून अटक झाल्यास प्रकरण गुणवत्तेवर तपासता येईल, या भारत-पाकिस्तानमधील २००८ च्या करारातील वाक्यावर पाकिस्तानची भिस्त होती; म्हणजे अशा कैद्याला वकिलातीची भेट नाकारता येते, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते वाक्य सुटे वाचले नाही. कैद्यांना माणुसकीची वागणूक मिळावी हा त्या कराराचा हेतू पाहिला, आणि अटकेतील परदेशी नागरिकाला त्याच्या वकिलातीची मदत मिळण्याचा हक्क देणाऱ्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराला पूरक ठरणारे करार करता येतात, त्यातील हक्क कमी करणारे नाहीत, हे त्याच्याच कलम ७३ वरून दाखवले. शब्दाचा सरळ अर्थ, मागचेपुढचे संदर्भ आणि हेतू हे तिन्ही एकत्र धरून वाचण्याची सवय मला तिथे लागली.

तिचा पहिला प्रयोग संस्थेवरच करावा लागला. गुणपत्रिकेत वडिलांच्या नावातील ‘वसंत’चे ‘वंसत’ झाले होते आणि ‘नावात बदल’ या नियमाखाली माझ्याकडून ६०० रुपये मागण्यात आले. त्याच नियमाच्या आधीच्या ओळीत राजपत्राची प्रत जोडण्यास सांगितले आहे. म्हणजे तो नियम स्वेच्छेने नाव बदलणाऱ्यांसाठी आहे, छापणाऱ्याच्या चुकीसाठी नाही, असे मी दोन परिच्छेदांत लिहून पाठवले. तीन आठवड्यांनी नवी गुणपत्रिका आली. ६०० रुपये माफ झाले होते. टपालाचे ७० मात्र घेतलेच, आणि त्याबद्दल नियमांत एक अक्षरही नाही.