घरी केलेले ड्रेडलॉक, 16 महिन्यांनंतर: धुण्यापेक्षा वाळवणं मोठं

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी घरीच ड्रेडलॉक केले, म्हणजे केस गुंतवून दोरासारख्या घट्ट बटा. अशा एकेका बटेला लॉक म्हणतात. आता जून लागलाय, म्हणजे एक अख्खा पावसाळा काढून दुसऱ्याच्या तोंडावर आलेय. सुरुवात करण्याआधी मी जे जे वाचलं आणि पाहिलं, त्यातलं निम्मं आपल्या केसांना आणि आपल्या हवेला लागू पडत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझे केस दाट, थोडे लाटांचे, कमरेच्या जरा वर येणारे. 24 इंच भरले होते. हे आधी सांगायचं कारण म्हणजे सगळा खेळ केसाच्या जातीवर आहे. बारीक कुरळ्या आफ्रिकी केसांत लॉक जवळजवळ आपोआप धरतात, नुसतं पिळून सोडलं तरी चालतं. जमैकातले रास्ताफारी पंथाचे लोक कित्येक दशकं श्रद्धेने केस असे राखत आलेत, आणि त्यांच्या पद्धती त्यांच्या केसांसाठीच आहेत. आपला सरळ किंवा लाटांचा केस निसरडा असतो. नुसता पिळला तर संध्याकाळपर्यंत सुटतो. केसावर माशासारखे अगदी सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकले की गाठ बसते, लोकर धुतल्यावर आक्रसते तशी. आपल्या केसांत हे अडकवण्याचं काम हातानेच करावं लागतं.

मला लागलं ते एवढंच: उवा काढायची स्टीलची बारीक फणी, 0.75 मिमीची क्रोशाची सुई, चिमटे आणि वहिनी. वहिनीशिवाय डोक्याची मागची बाजू झालीच नसती. आठवडाभर आधी तेल बंद केलं, दोनदा साध्या शाम्पूने केस धुऊन कोरडे ठणठणीत केले. मग भांग पाडून अडीच-अडीच सेंटिमीटरचे चौकोन आखले. चौकोन वीटकामासारखे पाडायचे, वरच्या ओळीची फट खालच्या ओळीच्या मधोमध येईल असे, नाहीतर टाळूवर रस्ते दिसतात. माझे 52 चौकोन झाले. प्रत्येक बट सरळ धरून फणी टोकाकडून मुळाकडे उलटी मारत जायची, मुळाशी केसांचा गुंता घट्ट साचतो, मग हळूहळू खाली यायचं. त्यानंतर सुई आरपार घालून आतून दोन-चार केस पकडून ओढून घ्यायचे, बाजू बदलत, पुन्हा पुन्हा. तीन दिवस लागले, मोजून 20 तास. तिसऱ्या दिवशी वहिनीचा अंगठा सुजला होता.

पहिल्या दोन बटांत मी सुईवर जोर लावला. हुकाला तुटलेले केस यायला लागले तेव्हा कळलं की सुई ओढायची नसते, फिरवायची असते. त्या दोन बटा आजही इतरांपेक्षा बारीक आहेत.

दुसरी चूक मेणाची. लॉक लवकर धरावेत म्हणून एक मेणाचा डबा मागवला होता. तो चार बटांना लावला आणि पस्तावले. मेण केस चिकटवतं, गुंतवत नाही. वर धूळ आणि कपड्यांची लव धरून ठेवतं आणि पाण्याने निघत नाही. ड्रायरने वितळवून जुन्या सुती कापडात टिपत टिपत तीन रविवार गेले. माझा स्पष्ट सल्ला: मेण नको, मुळाशी रबरबँडही नको. बँड टाळूला ओढ लावतात आणि वितळून केसांत बसतात. हात ओला करायला कोरफडीचा गर पुरतो.

तेलाचं सोडणं मला सगळ्यात जड गेलं. लहानपणापासून शनिवारी रात्री आजीच्या हातचं खोबरेल डोक्यावर, हे इतकं अंगवळणी पडलेलं की पहिले दोन महिने काहीतरी चुकतंय असंच वाटायचं. पण तेलाने केस निसरडे राहतात आणि लॉक धरत नाहीत. शिवाय लॉकच्या आत गेलेलं तेल धुऊन निघत नाही, खवट होतं. सहा महिन्यांनंतर मी हिवाळ्यात बोटाच्या टोकाने फक्त टाळूला, भांगाभांगातून चार थेंब लावायला सुरुवात केली. तेवढं चालतं.

पहिले पाच महिने दिसायला अवघड असतात. मुळाशी केस उभे राहतात, मध्ये वळ्या पडतात, टोकं पिंजारलेली. 24 इंचाचे केस आठव्या महिन्यात 16 इंचांवर आले. कापलेले नाहीत, आतल्या आत आटलेले. रोज गळणारे पन्नास-शंभर केस आता जमिनीवर न पडता लॉकमध्येच राहतात, त्यामुळे लॉक जाड आणि वजनदार होत जातो. नवव्या महिन्यात बोटांनी दाबलं की दोरासारखा टणक लागायला लागला. ऑफिसात दोन दिवस कुतूहल होतं, मग कुणी विचारलं नाही.

आता धुणं. ‘ड्रेडलॉक धुवायचे नसतात’ हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. मी दर पाच-सहा दिवसांनी धुते. शाम्पू पातळ करून चोचीच्या बाटलीत भरते, चौकोनांच्या मधल्या रेषांवरून टाळूला सोडते आणि बोटांच्या पेरांनी चोळते. फेस लॉकमधून दाबत दाबत खाली काढायचा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. कंडिशनर अजिबात नाही. नंतर एकेक लॉक मुठीत धरून पिळायचा. जाड टॉवेलची लव लॉकमध्ये अडकते आणि काळ्या केसांत पांढरी दिसत राहते. त्याऐवजी साधा सुती पंचा वापरा. पंचा पाणी चांगलं ओढतो आणि लव सोडत नाही. पाचशे रुपयांच्या खास टॉवेलपेक्षा बाबांचा जुना पंचा मला जास्त उपयोगी पडला.

आणि मग वाळवणं. खरं सांगायचं तर हा सगळा लेख त्यासाठीच आहे. एप्रिलमध्ये पुण्याच्या गच्चीवर माझे लॉक चार तासांत कोरडे होतात. जुलैत दीड दिवस लागतो. वरून कोरडा लागलेला लॉक आतून ओला असतो, हे मला मागच्या जुलैत समजलं. रात्री धुतले, पंख्याखाली तासभर बसले, कोरडे वाटले म्हणून अंबाडा घालून झोपले. असं तीन-चारदा झालं. ऑगस्टमध्ये उशीला कुबट वास यायला लागला, पावसाळ्यात कपाटातल्या सतरंजीला येतो तसा. शाम्पूने जाईना. शेवटी सगळ्यात जाड लॉक मध्ये उकलून पाहिला तर आत राखाडी थर. तो लॉक कापून टाकला. उरलेले मगभर पाण्यात दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर अशा मिश्रणात वीस मिनिटं भिजवले, पुन्हा धुतले आणि दोन दिवस टेबलफॅनसमोर काढले. वास गेला.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. धुणं फक्त सकाळी, आणि दिवसभर घरी असेन त्याच दिवशी. पंच्याने दोनदा पिळून काढायचं, मग ड्रायर मंद आचेवर मुळांपासून, मग केस मोकळे सोडून पंखा. नाकाला लावून वास घ्यायचा. पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ना अंबाडा, ना हेल्मेट. पावसात भिजून आलं तरी हेच. ज्यांना सकाळी साडेसात वाजता घर सोडावं लागतं आणि रविवारीही मोकळीक नाही, त्यांनी कोकणात किंवा मुंबईत हे करण्याआधी नीट विचार करावा.

हेल्मेटचं राहून जायला नको. माझं जुनं हेल्मेट बसेना. लॉक डोक्यावर बांधून वरून हेल्मेट चेपलं तर ते नीट बसत नाही आणि पडल्यावर काही उपयोगाचं नाही. केस मानेवर खाली सैल बांधायचे आणि एक नंबर मोठं, आयएसआय शिक्क्याचं, दुकानात घालून डोकं हलवून पाहून घ्यायचं. मी तसंच केलं.

दुसऱ्या ते पाचव्या आठवड्यात खूप खाज सुटली आणि कोंडा झाला. घरगुती उपायांत दोन आठवडे घालवले, मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिन्याभरात थांबलं. कानशिलाजवळचे केस मात्र विरळ झाले होते. तो दोष माझा, मुळं फार घट्ट पिळत होते. सतत ओढ बसली तर केसांची मुळंच मरतात आणि मग तिथे परत उगवत नाही. आता मी सुई दोन महिन्यांतून एकदाच लावते. महिन्याला सेंटिमीटरभर वाढ होते, तेवढीच आत घ्यायची. एरवी ओलसर असताना तळहातांत समईची वात वळतात तसा लॉक वळते. कानशिलाजवळचे दोन नाजूक लॉक मोठ्या लॉकमध्ये मिसळून टाकले.

शेवटचं काम सगळ्यात साधं, आणि तेच चुकवून चालत नाही. प्रत्येक धुण्यानंतर शेजारशेजारचे लॉक मुळाशी हाताने वेगळे करायचे. नवीन केस शेजारच्या चौकोनात घुसतात. एक महिना दुर्लक्ष केलं तर दोनाचे एक होतात, सहा महिने केलं तर टाळूवर एक सलग पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याखाली पाणी पोचत नाही, हवा पोचत नाही, बोटही पोचत नाही. आपल्याकडे त्याला जट म्हणतात.

माझं आजोळ गडहिंग्लजकडचं. त्या पट्ट्यात जट म्हणजे यल्लमाचं बोलावणं असं मानणारी घरं अजून आहेत. या देवीचं ठाणं असलेली कर्नाटकातली सौंदत्ती तिथून फार लांब नाही. पोरीच्या डोक्यात जट निघाली म्हणून तिला देवीला सोडण्याचा इतिहास याच भागाचा आहे. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकात 1982 मध्ये कायदा झाला, महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे, पण जट कापली तर घरात मरण येईल ही भीती कायद्याने जात नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन, आधी समजावून आणि मग कात्रीने, बायकांची जटेतून सुटका करत आले आहेत. डॉक्टर अशा गुंत्याला ‘प्लायका पोलोनिका’ म्हणतात, पोलंडच्या नावावरून. तिथेही कधीकाळी असे केस कापायला लोक घाबरायचे.

हे सगळं माहीत असूनही, मागच्या दिवाळीत आजोळी गेले तेव्हा काय होईल याची मला कल्पना नव्हती. आजीने दारातच थांबवलं. “पोरी, डोस्क्यात काय आलंय हे?” मी तिला बसवून सुई दाखवली, एक टोक उकलून दाखवलं. तिची खात्री पटायला दोन दिवस लागले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एक बाई हळद-कुंकवाची कोयरी घेऊन आली आणि वाकायला लागली. मी तिचे हात धरले. तेव्हापासून गावाकडे गेले की मी आधीच सांगते: हे मी सुईने केलंय, हौसेने केलंय, उद्या कापेन. कुणाला पाया पडू देत नाही. ड्रेडलॉक ठेवणाऱ्या मराठी माणसाने, विशेषतः बाईने, एवढं बोललंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्या केसांकडे पाहून एखाद्या घरात जट ‘ठेवायला’ बळ मिळत असेल, तर ते आपल्याला परवडणारं नाही.

आजीच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांच्या डोक्यात वीस-बावीस वर्षांची जट आहे, पाठीवर फळीसारखी. मान एका बाजूला कललेली. त्या कुंकू घेऊन आल्या नाहीत. लांब उभ्या राहून बघत होत्या, मग जवळ येऊन माझा एक लॉक हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, “तुला धुवायला चालतंय व्हय?”

मी ‘हो’ म्हटलं. त्या बराच वेळ तो लॉक सोडेनात.

मी त्यांना समितीबद्दल सांगितलं, गडहिंग्लजच्या दवाखान्यात न्यायची तयारी दाखवली. कापायचं नाव काढलं की त्या उठून जायच्या. या मे महिन्यात परत गेले तेव्हा स्वतःच आल्या, दुपारची वेळ बघून, घरात पुरुषमाणूस नसताना. कापायची नाही, नुसती धुऊ दे, म्हणाल्या. चोचीची बाटली माझ्या पिशवीत होतीच. जटेच्या कडेकडेने, जिथे जिथे टाळू दिसत होती तिथे पातळ शाम्पू सोडला, बोटांनी जमेल तेवढं चोळलं. पाच बादल्या पाणी लागलं. मधल्या भागात बोट जाईना. मग पंच्याने दाबून दाबून टिपलं आणि गच्चीवर उन्हात खाली मान घालून बसवलं, दर अर्ध्या तासाने बाजू बदलत. सूर्य मावळेपर्यंत आतली बाजू दमटच होती. ड्रायरने अंधार पडल्यावर संपवलं. जाताना म्हणाल्या की डोकं हलकं लागतंय. वजन तर तेवढंच होतं.

जट अजून आहे. आजीकडे मी एक ड्रायर आणि बाटली ठेवून आलेय. आजी फोनवर सांगते की त्या पंधरा दिवसांनी परत येऊन गेल्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी लॉक ठेवणार आहे. आतापर्यंतचा खर्च सुई, शाम्पू, ड्रायर आणि डॉक्टर धरून चार हजारांच्या आत आहे. पार्लरने नुसते करून द्यायचे बारा हजार सांगितले होते. पण येत्या रविवारी, पाऊस नीट सुरू व्हायच्या आत, सगळे लॉक खालून चार-चार इंच कापणार आहे. लांबी जाईल त्याचं थोडं वाईट वाटतंय, पण बारा इंचाचा लॉक पावसाळ्यात एका दिवसात वाळतो, हे मी मागच्या ऑगस्टमध्ये कापलेल्या लॉकच्या तुकड्यावर आधी करून पाहिलंय.