एक जीबी सांगून २५६ एमबी: जावा होस्टिंगमध्ये मी कशी फसले

माझ्या ॲपच्या लॉगमधली, म्हणजे ते चालताना लिहीत जातं त्या नोंदींमधली, शेवटची ओळ अर्धवट होती. ‘कोडे क्रमांक ११८ लोड’ एवढंच लिहिलेलं, आणि पुढे काही नाही. एरर नाही, ती कुठे आली ते सांगणारा स्टॅकट्रेस नाही, बंद होता होता ॲप ज्या दोन-चार ओळी लिहितं त्याही नाहीत. त्या अर्ध्या ओळीचा अर्थ मला त्याच दिवशी कळला असता, तर पैसे परत मागायची मुदत हातात होती. ते कळण्यात आणि मग होस्टिंगवाल्यांच्या उत्तराची वाट बघण्यात महिना गेला. तुमचा जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं माझं ॲप छोटं आहे. मी शब्दकोडी तयार करते, मित्रमैत्रिणी ती सोडवतात, उत्तरं आणि लागलेला वेळ डेटाबेसमध्ये जमा होतो. स्प्रिंग बूट ही जावाची फ्रेमवर्क, पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि एका वेळी फार तर दहा-बारा माणसं. आधी ते हेरोकूच्या मोफत सेवेवर चालायचं. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी ती मोफत सेवा बंद झाली आणि मी ॲप चालवायला भाड्याची स्वस्त जागा, म्हणजे होस्टिंग, शोधायला लागले. पीएचपी या दुसऱ्या भाषेसाठी अशी जागा पैशाला पासरी मिळते. जावाचं तसं नाही. पीएचपीची स्क्रिप्ट विनंती आली की चालते आणि काम झालं की मेमरी सोडून देते. जावाचं ॲप कोणी आलं नाही तरी दिवसरात्र मेमरी धरून बसतं. म्हणून एका सर्व्हरवर शेकडो गिऱ्हाइकं कोंबून स्वस्तात विकायचं गणित जावाच्या बाबतीत जमत नाही. पीएचपीच्या दरात कोणी जावा देत असेल, तर मेमरीला कात्री लागलेली असणारच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. जाहिरात वाचताना मात्र मी ते आठवलं नाही.

जाहिरातीत होतं: १ जीबी रॅम, स्वतंत्र जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम), नवीनतम जावा, अमर्याद बँडविड्थ, डोमेन मोफत, तीस दिवसांत पैसे परत. तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर महिन्याचा दर निम्म्याहून खाली येत होता. मी तीन वर्षांचे भरले.

पहिल्याच संध्याकाळी ‘नवीनतम जावा’ उघडी पडली. ॲप सुरूच होईना. एररमध्ये लिहिलं होतं की माझ्या क्लास फाइलची (जावा कोडच्या तयार फाइलची) आवृत्ती ६१ आहे आणि इथला जावा ५२ पर्यंतच वाचू शकतो. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. जावा ८ हा २०१४ सालचा. विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, तीच आमची स्टेबल आवृत्ती आहे.” स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतो, त्यामुळे मी मुकाट्याने २.७ वर उतरले, ‘जकार्ता’ने सुरू होणारे सगळे इम्पोर्ट (लायब्ररीतला कोड वापरायला घेणाऱ्या ओळी) परत ‘जावाएक्स’ केले, त्यात दोन रात्री गेल्या. खरं तर तिथेच थांबून पैसे मागायला हवे होते. एवढी मेहनत घातली आता, म्हणून पुढे गेले. या मेहनतीचा मोह फार वाईट.

मग ॲप मरायला लागलं. कधी तासाभराने, कधी रात्रीतून दोनदा. सपोर्टच्या माणसाने पहिल्याच उत्तरात सांगून टाकलं: “तुमच्या कोडमध्ये मेमरी लीक आहे.” म्हणजे माझा कोड घेतलेली मेमरी परत सोडत नाही. मी विश्वास ठेवला. कोड माझा, चूकही माझीच असणार, असंच वाटलं. तीन आठवडे मी स्वतःच्या कोडमध्ये लीक शोधत होते. कॅशे काढून टाकला, डेटाबेसची कनेक्शनं दहावरून तीनवर आणली, हीप म्हणजे जावा डेटा ठेवतो ती मेमरी, तिचा डंप (पूर्ण नक्कल) घेऊन एकेक ऑब्जेक्ट तपासला. डंपमध्ये खरोखर वापरात असलेला डेटा जेमतेम चाळीस एमबी होता. लीक कुठेच नव्हती. पैशापेक्षा मला याचा राग जास्त आहे. आपलं बिंग लपवण्यासाठी त्यांनी मला माझ्याच कामावर संशय घ्यायला लावला, आणि नव्याने शिकणारं कोणी माझ्या जागी असतं तर त्याने जावाच सोडून दिली असती.

उत्तर त्या अर्ध्या ओळीत होतं. जावाची स्वतःची हीप भरली, तर ‘आउट ऑफ मेमरी’ची एरर येते आणि ती बहुतेक वेळा लॉगमध्ये दिसते. लॉग मध्येच तुटला असेल तर प्रोसेस बाहेरून मारली गेल्याचा संशय घ्यायचा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, मेमरीची मर्यादा ओलांडणाऱ्या प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारतो, आणि तो सिग्नल कोणालाच अडवता येत नाही, त्यामुळे शेवटचे शब्द लिहायलाही वेळ मिळत नाही. मी ॲप एका छोट्या स्क्रिप्टमधून चालवून एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मिळणारा आकडा, पाहिला. १३७ आला. १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ नेच मारलं.

मग मर्यादा किती आहे ते बघायला गेले. मेमरी सांगणारी ‘फ्री’ कमांड ६४ जीबी दाखवत होती, पण ती अख्ख्या मशीनची मेमरी. माझ्या कंटेनरची, म्हणजे त्या मशीनवर मला आखून दिलेल्या कप्प्याची, खरी मर्यादा सीग्रुपच्या (लिनक्समधल्या या वाटणीच्या सोयीच्या) फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये असते. ती उघडली. आत एकच आकडा: २६८४३५४५६. हा बाइट्समधला आकडा १०२४ ने दोनदा भागा. बरोबर २५६ एमबी. शेजारच्या फाइलमध्ये ही मर्यादा किती वेळा गाठली गेली त्याची मोजणी होती, आणि ती हजारांत होती. म्हणजे सपोर्टवाला ज्या मशीनवर बसून मला लीक शोधायला सांगत होता, त्याच मशीनवर ही नोंद होती.

जुन्या जावाने यात भर घातली होती. हीपची कमाल मर्यादा दिली नाही तर जावा उपलब्ध मेमरीचा चौथा हिस्सा धरतो. कंटेनरची मर्यादा नीट ओळखायला जावा ८ शिकला तो २०१८ च्या अपडेट १९१ पासून, आणि यांच्याकडे त्याच्या आधीचा होता. त्यामुळे माझ्या ॲपला वाटत होतं, आपल्याला सोळा जीबी हीप आहे, कचरा गोळा करायची (नको असलेली मेमरी मोकळी करायची) घाई कशाला? आणि २५६ एमबीला कर्नल त्याचा गळा धरत होता. मी हीप ९६ एमबीवर बांधली तेव्हा ते जास्त वेळ टिकलं, पण सात-आठ जण एकदम आले की पुन्हा तेच. हीपच्या बाहेर मेटास्पेस, कोड कॅशे, थ्रेडचे स्टॅक या जावाच्या इतर कप्प्यांनाही जागा लागते. २५६ मध्ये स्प्रिंग बूटने सुखाने नांदावं, ही अपेक्षाच चूक.

हे सगळं पुराव्यासकट सपोर्टच्या तिकिटात (तक्रारीत) लिहिलं तो दिवस चोविसावा होता. उत्तर आलं, “वरिष्ठ तंत्रज्ञांकडे पाठवलं आहे, कृपया थांबा.” सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा तेच. एकतिसाव्या दिवशी तंत्रज्ञांचं सविस्तर उत्तर आलं: १ जीबी ही ‘पर्यंत’ची मर्यादा आहे, हमी २५६ ची आहे, वरचा प्लॅन तिप्पट दराने घ्या, आणि हो, पैसे परतीची मुदत कालच संपली. म्हणून सांगते, पैसे परत हवे असतील तर ‘अडचण आहे’ असं तिकीट टाकून वाट बघू नका. पहिल्याच ओळीत ‘मी सेवा रद्द करते आहे, पैसे परत करा’ असं लिहा.

मी जाहिरातीचं पान पुन्हा उघडलं तर तिथे आता ‘१ जीबीपर्यंत’ असं होतं. मी घेतलं तेव्हा ‘पर्यंत’ नव्हतं, पण माझ्याकडे स्क्रीनशॉट कुठे होता? वेब पानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्या पानाची जुनी प्रत सापडली, हे माझं नशीब. ती प्रत, १३७ चा लॉग आणि तिकिटाच्या तारखा जोडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मिळवण्याचा, अर्ज केला. दोन महिन्यांनी होस्टिंगचे पैसे परत आले.

डोमेन मात्र गेलं. ‘मोफत’ मिळालेलं ते नाव त्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं, नोंदणीधारक म्हणून माझा उल्लेखच नव्हता. डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅन या डोमेनांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा नियम आहे की नोंदणीधारकाने मागितल्यावर ट्रान्सफरचा (नाव दुसरीकडे हलवायचा) कोड पाच दिवसांत द्यायचा. पण नोंदणीधारक मी नव्हतेच, मग नियम माझ्या काय कामाचा? ते सोडवायला त्यांनी जी रक्कम मागितली, ती होस्टिंगच्या तीन वर्षांच्या पैशांपेक्षा जास्त होती.

आता मी आधी एका महिन्याचेच पैसे भरते, सूट कितीही असो. डोमेन वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या नावावर. आणि पैसे भरण्याआधी लेखी विचारते: मेमरीची हमी किती, ‘पर्यंत’ नको, व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनची अनेक मशीन करण्याची पद्धत) केव्हीएम आहे का, जावाची आवृत्ती मला स्वतःला बसवता येते का. केव्हीएमवर मशीनचा स्वतःचा कर्नल असतो, त्यामुळे ‘फ्री’ कमांड निदान माझ्याच मशीनचा आकडा सांगते. तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी जाहिरातच परत पाठवली. तिसऱ्याने तासाभरात त्या कमांडचं आउटपुट पाठवलं, तिथेच मी १ जीबीचं मशीन घेतलं. जावा १७ वर कोडी पुन्हा सुरू आहेत, गेल्या चार महिन्यांत ॲप एकदाही पडलं नाही.

जुन्या पत्त्यावर गेलात तर आता त्या कंपनीचीच जाहिरात दिसते. कोडी सोडवणाऱ्या प्रत्येकाला मी नवा पत्ता स्वतः कळवते आहे. अजून पंधरा-वीस जण राहिलेत.