गिटारची नेक घासायची हत्यारं: काय कामाला आलं आणि काय उगाच घेतलं

आधीच सांगतो, मी काही लुथियर (गिटार बनवणारा कारागीर) वगैरे नाही, नोकरी सांभाळून दोन वर्षांत तीन नेक (गिटारचा लांब दांडा) केल्यात, त्यातली पहिली कपाटामागे उभी आहे आणि का ते पुढे येईलच. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत राउटर (लाकूड कोरायचं विजेचं मशीन) लावला की खालच्या काकू वर येतात (दोनदा आल्या), त्यामुळे नेकच्या पाठीची गोलाई सगळी हातानेच काढायची हे ठरलेलं होतं. मग काय, हत्यारं जमवायचा नाद लागला, आणि खरं सांगू का, त्यातली निम्मी नसती घेतली तरी चाललं असतं.

सुरुवात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून. तिथं रास्प मागितला तर दुकानदार नुसता बघत राहिला, लाकडाची कानस म्हटल्यावर लगेच पेटीतून काढून पुढे टाकली. स्वस्त, दणकट, लाकूड असं काढते की पाच मिनिटांत आपण कारागीर झालो असं वाटायला लागतं. गडबड पुढे आहे. मशीनवर पाडलेले तिचे दात ओळीत असतात, त्यामुळे एकाच रेषेत परत परत फिरून ते चर पाडतात, आणि हे चर दिसतात त्यापेक्षा खोल असतात. मी ते पॉलिश पेपरने घालवत बसलो, एक गेला की शेजारी दुसरा, आणि घालवता घालवता नटच्या (तारा टेकतात ती वरची पट्टी) मागे, नेक हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या भागाकडे, वळते ना तिथे, ट्रस रॉडचं, म्हणजे नेक वाकू नये म्हणून आत घातलेल्या सळईचं, लोखंड चमकायला लागलं. संपली नेक.

नंतर शांतपणे हिशोब केला तेव्हा लक्षात आलं. पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्या) नेकची जाडी फ्रेटबोर्ड, म्हणजे त्या पट्ट्या बसतात ती वरची फळी, धरून साधारण 21 मिमी ठेवायची, त्यात फ्रेटबोर्ड 6 मिमी, ट्रस रॉडची खाच माझ्या रॉडसाठी 10 मिमी खोल, म्हणजे खाचेखाली लाकूड उरतं फक्त 5 मिमी, आणि हेडस्टॉकपाशी जिथे रॉड पिळायचा नट बसतो तिथे तर त्याहून कमी. तेव्हा हत्यार किती भराभर काढतं हा प्रश्नच नाही हो, ते जाताना किती खोल ओरखडा ठेवून जातं ते बघायचं, कारण तो ओरखडा पुढच्या हत्याराने काढायचा म्हणजे तेवढी जाडी गेलीच.

या हिशोबात मला सगळ्यात जास्त पटलेली वस्तू म्हणजे जपानी शिंटो सॉ रास्प. दिसायला विचित्र आहे, हॅकसॉची पाती नागमोडी वाकवून रिव्हेटने एकमेकांना जोडलेली, मध्ये सगळी जाळी. एक बाजू जाड दातांची, एक बारीक. भुसा त्या जाळीतून खाली पडून जातो त्यामुळे ती चोंदत नाही, आणि सागवानावर काम करणाऱ्याला याची किंमत विचारा, सागातलं तेल आणि भुसा मिळून साध्या कानशीचे दात लिंपून टाकतात. जाड बाजूने आधी नेकच्या दोन्ही कडांना 45 अंशांचे सपाट पैलू पाडायचे, मग त्या पैलूंच्या कडा मोडून आणखी पैलू, असं करत गोल होत जातं. सपाट असल्यामुळे पैलू सरळ पडतात, उंचसखल होत नाही. शेवटचे दीड-दोन मिमी राहिले की बारीक बाजू. अर्थात सपाट आहे म्हणजे हीलच्या (नेक बॉडीला जोडते तो भाग) वळणात ती जाणार नाही, तिथे आग्रह करू नका.

हीलसाठी आणि हेडस्टॉकच्या वळणासाठी दहा इंची हाफ राउंड कानस, माझ्याकडे जेके फाइल्सची आहे. जेकेचा एक कारखाना आपल्या रत्नागिरीत आहे हे मला माहीतच नव्हतं, मामेभाऊ म्हणाला तेव्हा कळलं. बास्टर्ड कट घ्या. (बिलावर तसंच छापून येतं, आईने वाचून विचारलं हे काय आणलंस, तर ती शिवी नाही, कानशीच्या दातांची प्रत आहे, खरखरीत आणि सेकंड कट यांच्या मधली.) वापरायच्या आधी दातांवर खडू घासायचा, भुसा कमी चिकटतो, आणि अधूनमधून पितळी ब्रश मारायचा. मूठ वेगळी घ्यावी लागते, ती नक्की घ्या, बिनमुठीची शेपटी तळहातात घुसली की महिनाभर गिटार बनवणं आणि वाजवणं दोन्ही बंद. आणि ढकलताना दाब, मागे आणताना उचलायची, मागे घासत आणली की दात मरतात.

स्पोकशेव्हबद्दल (दोन्ही हातांनी धरून ओढायचा छोटा रंधा) माझं मत अजून पक्कं होत नाहीये. 151 पॅटर्नची, म्हणजे पातं दोन स्क्रूंनी वर-खाली होतं ती, ऑनलाइन एक बिननावाची स्वस्तात मिळाली, आणि डब्यातून निघालेलं पातं लोण्यालाही धड लागलं नसतं, तळही सपाट नव्हता, दोन संध्याकाळी दगडावर घासण्यात गेल्या. पण एकदा धार बसली की सरळ रेषांच्या (लाकडाच्या तंतूंच्या) लाकडावर जे काही होतं ना, लांब कुरळ्या ढलप्या, भुसा नाही, आवाज पण छान, घरचेही खूश. रेषा उलटली की मात्र लाकूड उचकटतं, आणि नेकमध्ये हील आणि हेडस्टॉकपाशी रेषा उलटतेच. लाटांसारख्या नागमोडी रेषांच्या मेपलवर तर नकोच. शिवाय सागात सिलिका असते, धार लवकर मरते.

धारेवरून आठवलं, मिरजेला तंबोरे बनवणाऱ्यांकडे एकदा तासभर बसलो होतो. तिथली सतारमेकर घराणी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारी माणसं. तिथल्या एका काकांसमोर पाचसहाच हत्यारं होती, पटाशा झिजून बोटाएवढ्या झालेल्या, आणि माझ्या यादीवर नजर टाकून ते एवढंच म्हणाले, "एवढ्यांना धार कधी लावणार तुम्ही?"

एका मित्राने फ्रान्सहून येताना ऑरियू या फ्रेंच कंपनीचा रास्प आणलाय, तो आठवडाभर मागून घेतला. याचे दात माणूस टोकदार छिन्नीने एकेक करून उठवतो, त्यामुळे ते किंचित इकडेतिकडे असतात आणि चर पडत नाहीत. डावखुऱ्यांसाठी वेगळा मिळतो हे ऐकून मी डावखुरा असल्याने जरा भावूकही झालो. काम अप्रतिम, वळणातून असा जातो की पॉलिश पेपर जवळजवळ लागतच नाही. पण त्या एका नगाच्या पैशात माझी बाकी सगळी हत्यारं आली असती, आणि मी वर्षाला दीड नेक करतो. परत केला, नाइलाजाने.

शेवटच्या हातासाठी कार्ड स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पातळ पोलादी पट्टी. जुन्या करवतीच्या पात्याचा कापलेला तुकडाही चालतो, कडा सरळ घासून स्क्रूड्रायव्हरच्या दांडीने तिला बारीक हूक उठवायचा, बस. आपले जुने सुतार काचेच्या तुकड्याने हेच करतात. बाजूने टॉर्च मारायची, सावली जिथे तुटते तिथे उंचवटा आहे, तेवढाच खरवडायचा, मग 120 पासून 320 पर्यंत पेपरची पट्टी बूटपॉलिशसारखी दोन्ही हातांनी ओढायची. डोळे मिटून हात फिरवा, डोळ्यांपेक्षा अंगठा जास्त खरं सांगतो.

तर नवीन असाल तर शिंटो, हाफ राउंड कानस मुठीसकट, आणि स्क्रेपर. स्पोकशेव्ह दुसऱ्या नेकच्या वेळी, तीही धार लावता येत असेल तर. पावसाळ्यात सगळं शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि कानशी एकमेकींवर आपटू देऊ नका, माझ्या एकीचे दात डब्यात खडखडूनच गेले. आता व्होल्यूटसाठी (नेक हेडस्टॉकला मिळते तिथला मागचा उंचवटा) बारीक गोल कानस हवी आहे, या शनिवारी परत बोहरी आळी.