जीमॅट द्यावी की जीआरई? ‘सोपी कोणती’ या प्रश्नाने होणारी गल्लत

एमबीएसाठी बी-स्कूलला, म्हणजे व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेला, अर्ज करायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जीमॅट आणि जीआरई या दोन प्रवेश परीक्षांतली सोपी कोणती? या परीक्षांची तयारी करणाऱ्यांसोबत मी बरीच वर्षं बसतो आहे. याच प्रश्नामागे धावून तीन-चार महिने वाया घालवलेली मुलं पाहिली की अजूनही वाईट वाटतं. कुणी म्हणतं, ‘जीआरईचं गणित शाळेतलं आहे.’ कुणी म्हणतं, ‘बी-स्कूलवाल्यांना जीमॅटच लागते.’ या ऐकीव गोष्टींवर पुस्तकं घेतली जातात, परीक्षेची तारीखही ठरते. आणि मग दुसऱ्याच महिन्यात परीक्षा बदलावी का, हा विचार सुरू होतो.

आधी ‘जीमॅटच लागते’ याबद्दल. जीमॅट बी-स्कूलसाठीच तयार झाली, जीआरई मात्र सगळ्याच पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आहे, हे खरं. पण आज जगातल्या बहुतेक नामांकित बी-स्कूल दोन्ही स्वीकारतात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची अट त्याच्या प्रवेशाच्या पानावर स्वतः वाचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका. एमबीएसोबत एखाद्या वेगळ्या विषयातल्या मास्टर्सचाही विचार मनात असेल, तर जीआरईचा एकच स्कोअर दोन्हीकडे चालू शकतो. दोन्ही स्कोअर पाच वर्षं ग्राह्य असतात.

निम्मे गैरसमज जुन्या माहितीतून येतात. जीआरई २२ सप्टेंबर २०२३ पासून छोटी झाली. आता ती १ तास ५८ मिनिटांची आहे आणि त्यात एकच निबंध उरला आहे. जीमॅटचं नवं रूप नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं, जुनी परीक्षा ३१ जानेवारी २०२४ ला बंद झाली. नव्या जीमॅटमध्ये निबंध नाही, भूमिती नाही, वाक्यातल्या चुका दुरुस्त करण्याचे प्रश्नही नाहीत. तरी मोठ्या भावंडांनी दिलेली जुनी पुस्तकं घेऊन भूमितीची प्रमेयं घोकणारी मुलं मला आजही भेटतात. स्कोअरची पट्टीसुद्धा बदलली आहे. आता ती २०५ ते ८०५ अशी आहे, आणि पर्सेंटाइलच्या (तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांच्या टक्केवारीच्या) हिशेबाने जुने ७०० म्हणजे नवे साधारण ६४५. हे माहीत नसेल तर ६४५ पाहून माणूस उगाच खचतो.

आता गणित. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीमॅटच्या क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या सेक्शनमध्ये, ४५ मिनिटांत २१ प्रश्न असतात. अंकगणित आणि बीजगणित एवढंच, पण कॅल्क्युलेटर नाही. जीआरईत दोन सेक्शन मिळून ४७ मिनिटांत २७ प्रश्न. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, पण भूमिती आहे. ‘कॅल्क्युलेटर आहे म्हणजे सोपं’ असं वाटतं खरं, पण जीआरईचा हा नमुना पाहा. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. एका बाजूला क्ष चा वर्ग, दुसऱ्या बाजूला क्ष. मोठं काय? घाईत बहुतेक जण वर्गावर खूण करतात. पण क्ष जर अर्धा असेल तर वर्ग पाव होतो, आणि क्ष जर १ असेल तर दोन्ही बाजू सारख्या. उत्तर आहे ‘ठरवता येत नाही’. यात कॅल्क्युलेटर काय मदत करणार?

जीमॅटचा सापळा वेगळा असतो. क्ष हा पूर्णांक धन आहे का? पहिलं विधान: क्ष चा वर्ग १६ आहे. दुसरं विधान: क्ष चा घन धन आहे. इथे क्ष शोधायचाच नाही. कोणत्या विधानातून पक्कं उत्तर निघतं, एवढंच सांगायचं. पहिल्यातून ४ किंवा उणे ४ मिळतात, म्हणजे ते पुरत नाही. दुसरं एकटं पुरतं. शाळेपासून उत्तर काढायची सवय लागलेल्यांना इथे थांबणं फार जड जातं. हे प्रश्न आता क्वांटमध्ये नसून डेटा इनसाइट्स नावाच्या तिसऱ्या सेक्शनमध्ये असतात. तक्ते, आलेख, दोन-तीन स्रोतांतली माहिती एकत्र वाचायचे प्रश्न, सगळं तिथेच. आणि हो, या सेक्शनमध्ये कॅल्क्युलेटर मिळतो. ‘डेटा इनसाइट्स शेवटच्या पंधरा दिवसांत बघू’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! एकूण स्कोअरमध्ये तिन्ही सेक्शनचं वजन सारखं आहे. एक तृतीयांश परीक्षा पंधरा दिवसांवर सोडू नका.

इंग्रजीत फरक जास्त स्पष्ट आहे. जीमॅटमध्ये उतारे आणि युक्तिवाद असतात, शब्दसंग्रह थेट विचारत नाहीत. जीआरईत रिकाम्या जागा भरायच्या असतात. एका प्रश्नात तीन जागा असतील तर तिन्ही बरोबर हव्यात, दोनला अर्धे गुण नाहीत. पण म्हणून तीन हजार शब्दांची यादी पाठ करणं हा उपाय नव्हे. अडवतात ते ओळखीचे शब्द. ‘चेक’ म्हणजे तपासणं हे सगळ्यांना येतं, पण तोच शब्द रोखणं या अर्थाने आला की हात थांबतो. ‘क्वालिफाइड’ म्हणजे पात्र, आणि ‘क्वालिफाइड प्रेझ’ म्हणजे राखून केलेली स्तुती. हे वाचनातूनच अंगवळणी पडतं.

‘पहिले दहा प्रश्न बरोबर आले की झालं’ हा जीमॅटबद्दलचा फार जुना समज. प्रश्न तुमच्या उत्तरांनुसार अवघड-सोपे होत जातात, हे खरं आहे. पण सुरुवातीला वेळ उधळून शेवटचे प्रश्न राहून गेले, तर त्याचा फटका बसतो. जीमॅटमध्ये सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरंच बदलता येतात. जीआरईत सेक्शनच्या आत कुठेही मागे-पुढे जाता येतं आणि पहिल्या सेक्शनवरून दुसऱ्याचा कठीणपणा ठरतो. अवघड प्रश्न सोडून पुढे जायची सवय असलेल्यांना जीआरई मानवते. एका प्रश्नाचा निकाल लावूनच पुढे जाणाऱ्यांना जीमॅटची रचना फारशी खुपत नाही.

खराब गेलेला अटेम्प्ट बी-स्कूलला दिसेल, ही भीतीही नको. दोन्हीकडे कोणता स्कोअर पाठवायचा ते तुम्ही ठरवता.

मग निवड कशी करायची? दोन्ही परीक्षांच्या आयोजकांच्या संकेतस्थळांवर प्रत्येकी दोन पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, मोफत आहेत. आठवडाभराचं अंतर ठेवून दोन्हींची एकेक मॉक द्या. घड्याळ लावून, फोन बाहेर ठेवून. तुलना गुणांची नाही, पर्सेंटाइलची करा. जीआरईतच पाहा ना: व्हर्बलमधले (इंग्रजीतले) १६५ आणि क्वांटमधले १६५ यांच्या पर्सेंटाइलमध्ये मोठी तफावत असते, कारण क्वांटमध्ये वरच्या टोकाला गर्दी आहे. पर्सेंटाइल जवळपास सारखे आले, तर ज्या परीक्षेतल्या चुका तुम्हाला कळल्या ती घ्या. त्यासाठी चुकांची वही लागते. ‘प्रश्न १४, चूक’ असं लिहून भागत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत अशी नोंद होती: ‘क्ष पूर्णांक आहे असं गृहीत धरलं. प्रश्नात तसं म्हटलं नव्हतं.’ महिनाभरात हीच नोंद अकरा वेळा आली होती. तिने नवं पुस्तक घेतलं नाही. प्रत्येक प्रश्न सोडवण्याआधी शून्य, ऋण आणि अपूर्णांक घालून बघायचं एवढंच तिने ठरवलं. पुढच्या महिन्यात ती नोंद दोनदाच दिसली.